उन्हाळ्याची सोय

मी गाव सोडलं त्या दिवशी माझ्या अंगाला गंधकाचा वास येत होता. दाभोळहून बोट दुपारची होती, तरी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला पहाटे उठवून उन्हाळ्यावर नेलं. "तिकडे नळाचं पाणी," ते म्हणाले. "ते अंगावरून जातं, अंगात शिरत नाही. जाताना एकदा नीट शेकून घे." तासभर मी गरम पाण्यात बसलो. मग घरी येऊन दहीभात खाल्ला, आईच्या पाया पडलो आणि आम्ही खाडीकडे उतरलो. माझी पत्र्याची ट्रंक आप्पांच्या खांद्यावर होती. घरापासून धक्क्यापर्यंतचा उतार सव्वा मैलाचा. त्यात मी दोनदा थांबलो, ते एकदाही थांबले नाहीत. तेव्हा त्यांचं वय सत्तेचाळीस होतं आणि माझं एकोणीस.

पडावातून बोटीवर चढलो. डेकवर शेजारी बसलेल्या बाईंनी थोड्या वेळाने आपलं बोचकं दूर सरकवलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "कुणाकडे नासकी अंडी आहेत बघा." मी समुद्राकडे तोंड करून बसून राहिलो. गिरगावात चुलतभावाच्या खोलीवर पोचलो तर त्याने कसा आहेस असं विचारायच्या आधी सांगितलं, "आधी आंघोळ कर." एका बादलीत तो वास गेला. इतक्या लवकर जाईल असं मला वाटलं नव्हतं.

गावकऱ्यांनो, तुमच्यापैकी जे गावातच आहेत त्यांना हे सांगायला नको, पण आमची पुढची पिढी मुंबईत वाढते आहे म्हणून लिहून ठेवतो. आपल्याकडे गरम पाण्याच्या झऱ्याला उन्हाळं म्हणतात. ऋतू तो उन्हाळा, झरा ते उन्हाळं. "उन्हाळ्याला गेलो होतो" असं आपल्याकडे कुणी म्हटलं तर त्याला कोणी महिना विचारत नाही.

आपल्या उन्हाळ्यावर तीन कुंडं. सगळ्यात वरच्या कुंडात कोणी उतरत नसे. त्यात फडक्यात बांधून तांदूळ सोडले की भात होतो, असं लोक सांगत. मी दोनदा करून पाहिलं. तांदूळ फुगतात, शिजत नाहीत. मधलं कुंड पुरुषांचं आणि दगडी भिंतीपलीकडचं बायकांचं. खरूज, वात, कंबर, बाळंतपणानंतरचा अशक्तपणा, सगळ्यांना औषध एकच. पाण्यात बसायचा नियमही एकच होता, की दुखणं बोलायचं नाही. गुडघा धरत आलेला माणूस कुंडात उतरला की भाताच्या, गुरांच्या, कोर्टातल्या तारखांच्या गोष्टी बोले. आई म्हणायची, "पाण्यात दुखणं काढलं की पाणी ते परत अंगात घालतं." हे खरं की खोटं हे मोजायचं साधन माझ्याकडे नाही. एवढं मात्र आठवतं, की अर्धा तास दुखणं न बोलता बसलेली माणसं बाहेर येताना वेगळी दिसत.

गिरगावात त्या खोलीत आम्ही सात जण होतो. माझ्या वाट्याला एक बादली, म्हणजे साडेतीन गॅलन, आणि चार मिनिटं. पाचव्या मिनिटाला चुलतभाऊ दारावर टकटक करी. "आटप रे! तिथे काय गंगा लागली आहे का?" अशी अकरा वर्षं काढली. आंघोळ म्हणजे अंग धुणं, एवढाच अर्थ माझ्यापुरता उरला. अंग शेकणं, सैल सोडणं, पाण्यात बसून गप्पा मारणं या गोष्टी मी विसरलो असं नाही, पण त्या आठवायला वेळ लागे, आणि वेळ चार मिनिटांचा होता.

मग मला भांडुपला एका कारखान्यात काम मिळालं. बॉयलरजवळ बसायचं आणि दर अर्ध्या तासाला वाफेचा दाब, पाण्याची पातळी आणि उष्णता वहीत लिहायची. हे काम माझ्या स्वभावाला मानवलं. आम्ही मुलुंडला दोन खोल्यांत राहायला आलो. माझी पत्नी सुमती साताऱ्याकडची. तिने खोल्या बघायच्या आधी मोरी बघितली आणि म्हणाली, "घ्या." मोरी स्वतःची होती, साडेचार फूट बाय सव्वातीन फूट, आणि तिला आतून कडी होती. सुमतीच्या माहेरून तांब्याचा बंब आला. सकाळी साडेपाच ते सव्वासात पाणी यायचं. पहिल्या रविवारी मी तीन बादल्यांनी आंघोळ केली आणि बाहेर आल्यावर उगीचच अपराधी वाटलं.

आई गेल्यानंतर आप्पा गावच्या घरात एकटेच राहत होते. शेजारची एक बाई दूध आणि भाकरी देऊन जाई, बाकी ते स्वतः बघत. मी दर पत्रात या म्हणून लिहायचो. ते दर पत्रात आंब्याचं आणि गाईचं लिहायचे. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा जागोजागी चालू होत्या त्या वर्षी, पौषात, त्यांचं एक कार्ड आलं. त्यातल्या तीन ओळी मला पाठ आहेत. "गुडघे आखडले. इथे उन्हाळ्याची सोय राहिली नाही. तिकडे उन्हाळ्याची सोय होत असेल तर कळव, म्हणजे येतो."

मी कार्ड दोनदा वाचलं. आपल्या विहिरी चैत्रात तळाला जातात हे मला ठाऊक होतं, म्हणून अर्थ सरळ लागला. म्हातारपणी गावातला उन्हाळा सोसत नाही. सुमतीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "गॅलरीत खाट टाकू. संध्याकाळी खाडीकडचा वारा येतो. उन्हाळ्याची याहून वेगळी सोय काय करायची असते?" मी उलट टपाली उत्तर पाठवलं. "उन्हाळ्याची सोय उत्तम आहे. खाट टाकली आहे. अवश्य यावे."

माघात आप्पा आले. इतक्या लवकर आले याचं मला जरा नवल वाटलं, पण म्हाताऱ्या माणसाला घाई असते असं मी धरून चाललो. धक्क्यावर दोन खलाशांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून उतरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर ते खांद्यावर पंचा टाकून, हातात तेलाची बाटली घेऊन गॅलरीतल्या खाटेवर तयार बसले होते.

"चल," ते म्हणाले.

"कुठे?"

"उन्हाळ्याला. लांब आहे का?"

"महिना-दीड महिना आहे अजून."

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. "मेल्या, मी तुला पत्ता विचारतोय. पंचांग नव्हे."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आधी सुमती हसली, मग मी हसलो. आप्पाही हसले, पण त्यांचा हात गुडघ्यावर होता आणि तो तिथेच राहिला. खाट टाकली आहे म्हणजे ती कुंडाच्या काठावर टाकली असेल, असं त्यांना वाटलं होतं. "म्हटलं मुंबई आहे, असेल," ते म्हणाले. वीस वर्षांत तो शब्द माझ्या तोंडातून एकदाही गेला नव्हता, म्हणून डोळ्यांसमोर आला तेव्हा मी तो ओळखला नाही. आकड्यात माझी अशी चूक कधी झालेली नाही. ती शब्दात झाली, आणि तीही घरच्या शब्दात.

त्याच दिवशी जेवणानंतर सगळा प्रकार कळला. आपलं उन्हाळं घरापासून पाऊण मैल, पण वाट खडी. आप्पांना उतरता येत होतं, चढता येत नव्हतं. गावातल्यांनी डोलीतून नेतो म्हटलं. ते नाही म्हणाले. जेवून झाल्यावर ते पाटावरून उठायला लागले आणि उठता येईना. मी एका काखेत हात घातला, सुमतीने दुसऱ्या. उभे राहिल्यावर त्यांनी धोतर सारखं केलं आणि आमच्याकडे न बघता बोलले.

"वसंता, सांगून ठेवतो. जमिनीवरून आपलं आपण, कुणाचा आधार न घेता उठता आलं, तर बोटी बंद व्हायच्या आत मी घरी जाईन. नाही आलं, तर घराला कुलूप लावून किल्ली तुझ्याकडे देईन आणि इथे राहीन. पण तिथे एकट्याने पडून राहायचं आणि कुणी येऊन काखेत हात घालून उठवायची वाट बघायची, तसं मला जगायचं नाही."

बोटी पावसाआधी, वैशाखाच्या शेवटी बंद होत. म्हणजे आमच्या हातात साडेतीन महिने होते. अक्षय्य तृतीयेला परीक्षा, हे त्यांनीच ठरवलं.

मला काय हवं होतं तेही लिहितो, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. मला ते इथे राहायला हवे होते. सुमतीलाही. एकटा म्हातारा माणूस, निसरडं अंगण, सर्वांत जवळचा डॉक्टर नऊ मैलांवर. गुडघे बरे झाले तर ते जाणार आणि नाही झाले तर राहणार, हे आम्हाला दोघांनाही कळत होतं. तरी गुडघे बरे करायला आम्हीच निघालो. दुसरं काय करणार?

आधी वज्रेश्वरीला गेलो. तिथे गरम पाण्याची कुंडं आहेत, खरी, जमिनीतून आलेली. आप्पांनी पाण्यात हात घातला आणि मान डोलावली. पण ठाण्याहून एसटी बदलून, थांब्यावर ताटकळून जाऊन-येऊन साडेसात तास लागले आणि त्यात पाण्यात चाळीस मिनिटं. परत येताना बसच्या बाकावर गुडघे असे धरले, की मुलुंडला उतरवायला कंडक्टरची मदत लागली. तिथे मुक्काम करायचा तर बरोबर कोणी हवं, आणि मला एवढी रजा नव्हती. तो विषय संपला.

मग कोणीतरी घाटकोपरच्या एका निसर्गोपचारवाल्या वैद्यांचं नाव सांगितलं. त्यांच्याकडे बाष्पस्नानाची पेटी होती. देवदाराच्या फळ्यांचं उभं कपाट, आत एक स्टूल, वरच्या फळीला डोकं बाहेर राहण्याइतकं गोल भोक, आणि मागून रबरी नळीने येणारी वाफ. अंग आत आणि डोकं बाहेर, डोक्यावर ओला टॉवेल. अशा दोन पेट्या शेजारी शेजारी होत्या. दुसऱ्या पेटीत घाटकोपरचेच एक धान्याचे व्यापारी बसले होते, म्हणजे त्यांचंही डोकंच दिसत होतं.

आप्पांना आत बसवून वैद्यांनी दार लावलं. "काका, कुठे कुठे दुखते ते सांगा."

"बाहेर आल्यावर सांगतो," आप्पा म्हणाले.

"आता सांगा ना. त्या बाजूला वाफ वाढवतो."

आप्पांनी ओठ मिटले. वैद्यांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या गावची रीत मला त्यांना समजावून सांगता येईना. तेवढ्यात आप्पांचं डोकं शेजारच्या डोक्याकडे वळलं. "काय शेठ, यंदा भात कसा काय?"

"कुठला, शेतातला की ताटातला?" शेठ म्हणाले.

"शेतातला. ताटातला कसा आहे तो तुमच्याकडे बघून दिसतोच आहे."

शेठ इतके हसले, की त्यांची पेटी हलली. "बोलू नका, शक्ती जाते," वैद्य ओरडले. आप्पा म्हणाले, "न बोलता बसायचं तर देवळात बसेन. इथे कशाला घाम काढू?" पुढची पंधरा मिनिटं दोन डोकी भातावर, पेंडीवर आणि उंदरांवर बोलत होती. मुंबईत आल्यापासून मी आप्पांना इतकं मोकळं पाहिलं नव्हतं.

मला उत्सुकता होती ती आतल्या उष्णतेची. मी कारखान्यातल्या साहेबांची चिठ्ठी घेऊन एक जुना थर्मामीटर रीतसर मागून आणला होता. पेटीत तो धरू द्या, असं वैद्यांना विचारलं.

"तुम्ही बॉयलर इन्स्पेक्टर आहात काय?"

"नाही. कारकून."

छातीशी फॅरनहाइटचे एकशे सोळा अंश निघाले, पायाशी एकशे तीन. म्हणजे जे शेकायचं होतं ते सगळ्यात थंड जागी होतं. वैद्यांनी ते मान्य केलं आणि नळी खाली घेतली. सज्जन माणूस. चार खेपांनंतर आप्पांना उठवायला दोन माणसांऐवजी एक पुरू लागला. तेव्हा वैद्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "वाफेने सांधा सुटतो, पण तासाभराने परत धरतो. त्या तासात तो वापरला पाहिजे. माझ्याकडून निघून तुम्ही मुलुंडला पोचता तोवर तो तास संपतो. इथे येऊ नका. घरी करा काहीतरी."

ग्राहकाला येऊ नका म्हणणारा हा माणूस कायमचा माझ्या लक्षात राहिला.

घरी करायचं म्हणजे माणूस बसेल एवढं भांडं हवं. कारखान्यात डिंकाची मोठी लाकडी पिंपं यायची. रिकामं एक मी पुन्हा चिठ्ठी घेऊनच घरी आणलं. आमच्या खाली सावंत राहत. मालवणकडचे, गिरणीतून निवृत्त झालेले, हातात सुतारकाम असलेले. त्यांनी पिंप कमरेएवढं कापून दिलं, आत एक फळी ठोकली आणि बाहेर चढायला खोका ठेवला. काम करताना त्यांचं तोंडही चालू होतं. "काय ओ, म्हाताऱ्याक शिजवूचो विचार आसा काय?" मग त्यांनी वर बघून मोरीच्या जमिनीचा अंदाज घेतला. "पानी किती ह्येच्यात?"

"एकतीस गॅलन. गॅलनला दहा पौंड धरा. तीनशे दहा पौंड, अधिक आप्पा."

"बरोब्बर खाली माझी खाट आसा," सावंत म्हणाले, आणि त्याच संध्याकाळी त्यांनी खाट सरकवली.

पिंप मी तीनदा धुतलं होतं. पण थंड पाण्याने. पहिल्या दिवशी गरम पाणी पडल्यावर लाकडात मुरलेला डिंक वर आला. पंचवीस मिनिटांनी आप्पा उठायला गेले आणि परत बसले. "वसंता," आतून आवाज आला, "गुडघे सुटायला आलो, तर बूड चिकटलं." दाराबाहेर सावंत बसले होते, त्यांना खोकल्याची उबळ आली. तांब्याने पाणी ओतून ओतून आप्पांना सोडवलं. नंतर दोन दिवस उकळतं पाणी आणि सोडा घालून मी ते पिंप घासत होतो.

मग गाडी रुळावर आली. नळाच्या सात बादल्या आणि बंबातल्या उकळत्या दोन, एवढ्यात पाणी पाहिजे तसं होई. पाहिजे तसं म्हणजे किती, हा माझा प्रश्न होता. आपल्या उन्हाळ्याचं पाणी किती गरम हे कोणी मोजलेलं नव्हतं. आप्पा म्हणाले, "मी सांगतो." त्यांनी पाण्यात कोपर घातलं. "अजून. अजून थोडं. बस, हे आपलं पाणी." मी थर्मामीटर बघितला. एकशे चार. मी त्यांना आकडा सांगितला नाही आणि पुढच्या आठवड्यात परत विचारलं. एकशे पाच. तिसऱ्या खेपेला पुन्हा एकशे चार. कारखान्यातल्या थर्मामीटरवर विश्वास ठेवणारा मी त्या दिवसापासून कोपरालाही मानू लागलो.

वासाचं मात्र जमलं नाही. मी गंधकाची पूड आणून पाण्यात घातली. ती विरघळतच नाही. हळदीसारखी वर तरंगत राहिली आणि आप्पांच्या पोटाला पिवळा पट्टा लागला. "लग्न लावतोस का माझं?" त्यांनी विचारलं. सुमती स्वयंपाकघरातून म्हणाली, "मामंजी, मुलगी बघू का?" साताऱ्याची सून आणि कोकणातला सासरा यांच्यात पहिले दोन महिने जो आडपडदा होता तो त्या गंधकाने गेला. म्हणून तो प्रयोग अगदीच फुकट गेला असं मी म्हणणार नाही.

रोज सकाळी सहाला आप्पा पिंपात बसत. मोरीचं दार अर्धं उघडं ठेवून बाहेर स्टुलावर सावंत. सावंतांना आधी वाटलं, म्हाताऱ्याची सोबत करावी. पंधरा दिवसांनी त्यांनाच चुकवेना. गिरणी सुटल्यापासून त्यांच्याशी इतकं कोणी बोललं नव्हतं. दुखण्याचा शब्द काढायचा नाही हे त्यांना सांगावं लागलं नाही. मालवणात उन्हाळं नाही, पण समज सगळीकडे तीच असावी. बाहेर आल्यावर तासभर गुडघ्यांना काम, म्हणजे जिन्याच्या अठरा पायऱ्या तीनदा, आणि पाटावर बसणं-उठणं दहादा.

मी एक वही ठेवली होती. तारीख, पाणी किती अंश, किती मिनिटं, पाटावरून उठायला किती सेकंद, आणि शेवटचा रकाना, आधार. त्या रकान्यात शिमग्यापर्यंत "एक माणूस" आहे. शिमग्यानंतर "भिंत" येऊ लागते. चैत्रभर भिंतच आहे, फक्त सेकंद कमी होत जातात. चाळीस, तेहेतीस, सव्वीस. आप्पा रोज वही मागून घेत आणि चष्मा लावून बघत. त्यांना स्वतःच्या गुडघ्यांपेक्षा माझ्या आकड्यांवर जास्त भरवसा होता. "तू लिहिलंस ना? मग खरं," एवढंच म्हणत.

अक्षय्य तृतीया आली. सुमतीने पुरणपोळी केली होती. आप्पांनी पाट भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध घेतला. सावंतांनाही जेवायला बोलावलं होतं. जेवण कोणाचंच नीट झालं नाही. हात धुवायची वाटी आप्पांनी बसल्या जागीच मागितली, हात पुसले, आणि म्हणाले, "घड्याळ बघ."

त्यांनी उजवा पाय जवळ घेतला. डावा तळहात फरशीवर टेकवला, कंबर उचलली, क्षणभर तसेच राहिले, आणि उभे झाले. अकरा सेकंद.

"उठले!" सुमती ओरडली. सावंतांनी मांडीवर थाप मारली. आप्पा माझ्याकडे बघत होते. "लिही."

मी तारीख लिहिली. अंश, मिनिटं, सेकंद लिहिले. आधारच्या रकान्याशी पेन्सिल थांबली.

"आप्पा, हात टेकलात."

"टेकला."

"म्हणजे आधार झाला."

"कुणाचा?"

"जमिनीचा."

बॉयलरच्या वहीत मी आजवर एकही आकडा खोटा लिहिलेला नाही, आणि इथे खोटं लिहायची गरजच नव्हती. "आधार: जमीन" असं लिहिलं असतं तर ते शब्दशः खरं होतं. आप्पांनी ते वाचलं असतं, मान डोलावली असती आणि किल्ली माझ्या हातात दिली असती. कारण मी लिहिलेलं त्यांच्यासाठी खरं होतं. मला हवं होतं ते एका खऱ्या शब्दाने मला मिळत होतं. सुमतीकडे बघितलं. तिलाही तेच हवं होतं, आणि तिला माझी पेन्सिल का थांबली ते कळलं होतं.

आप्पा शांतपणे म्हणाले, "जमिनीचा आधार कोण मोजतो रे? तू उभा आहेस तो कशावर? माणसाचा हात लागला असता तर मी स्वतः सांगितलं असतं."

मग सुमती म्हणाली, "अहो, लिहा ना. किती वेळ उभं करून ठेवणार त्यांना?"

मी लिहिलं. "आधार: नाही."

वैशाखाच्या दुसऱ्या पंधरवड्यात ते बोटीने गेले. धक्क्यावर सावंतही आले होते. आप्पांनी माझ्याकडून वही मागून घेतली. म्हणाले, गावात दाखवायला हवी, नाहीतर पिंपाचं कोणी खरं मानणार नाही. पोचल्याचं कार्ड नवव्या दिवशी आलं. "उन्हाळ्याला जाऊन आलो. चढताना तीनदा थांबलो. पाणी आपलंच, पण बोलायला सावंत नाही." या वेळी मला तो शब्द एकदाच वाचून कळला.

त्याला तीन वर्षं झाली. आप्पा आता सत्तर वर्षांचे आहेत. उन्हाळ्याला पूर्वी दर आठवड्याला जात, आता महिन्यातून एकदा. मी प्रत्येक पत्रात अजूनही या म्हणून लिहितो आणि ते आंब्याचं आणि गाईचं लिहितात. मी त्या रकान्यात दुसरा शब्द लिहिला असता तर बरं झालं असतं का, हा विचार पावसाळ्यात, बोटी बंद असताना, पुष्कळदा येतो. गावात राहिलेल्यांना वाटतं आम्ही म्हाताऱ्यांना सोडून आलो. इथे आलेल्यांना वाटतं म्हातारे हट्टाने मागे राहिले. दोन्ही रकान्यांत काहीतरी खरं आहे.

मी आता बेचाळीस वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात एका रविवारी जेवून उठताना माझा हात आपोआप फरशीवर टेकला. सुमतीने बरोबर पाहिलं.

"हात टेकलात," ती म्हणाली. "वही आणू का?"

"नको," मी म्हणालो. "घरच्या जमिनीचा मोजत नाहीत."

बोलून गेल्यावर मी खाली पाहिलं. पायाखाली मुलुंडची शहाबादी फरशी होती. तिला मी घरची जमीन म्हटलं होतं. तेवीस वर्षांत पहिल्यांदाच.